चाळीस ग्लास आणि एक पेला

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

तुमच्यातल्या थोरलीने गेल्या रविवारी फोनवर विचारलं, "आजी, जुना करार आणि नवा करार यांत फरक काय, ते मला चार ओळींत सांग ना. चर्चच्या वर्गात लिहून द्यायचंय." मी चार ओळी सांगितल्या. तिने त्या उतरवून घेतल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस मला चैन पडलं नाही. ओळी बरोबर होत्या. पण त्या मीसुद्धा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नुसत्या पाठ केलेल्या होत्या. त्यांचा अर्थ मला जामखेड तालुक्यातल्या एका लहान गावात, सहीसुद्धा न येणाऱ्या एका म्हातारीने समजावला, आणि तोही मी तिचं मन दुखावल्यावर. तुमचे आजोबा आता नाहीत. हे सगळं जवळून पाहिलेली घरात मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहायला बसले. अक्षर अजून बरं आहे. सावकाश वाचा, आणि कुठे अडलात तर आईला विचारा.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. नगरला मुलींच्या शाळेत बरीच वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, शिकवलंही इंग्रजीच. वेळापत्रक, रांग, स्वच्छ रुमाल आणि कापलेली नखं यांवर माझा जेवढा विश्वास होता तेवढा फार थोड्या गोष्टींवर असेल. निवृत्तीनंतर गावी राहायचं ही तुमच्या आजोबांची जुनी इच्छा. आम्ही सामान टेम्पोत भरलं आणि त्यांच्या गावी गेलो. तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, थोडी ज्वारीची जमीन होती, आणि त्यांची आत्या होती.

आत्याबाई सत्तरीच्या पुढच्या. बुटक्या, काटक, हिरवं नऊवारी लुगडं. तरुणपणीच नवरा गेलेला. त्या गावच्या सुईण होत्या, आणि गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्मलेली होती. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, सगळी. त्यामुळे त्यांना गावात कुणाचा दबदबा म्हणून वाटत नसे. एकदा सरपंच रस्त्यावर कुणावर तरी मोठ्याने ओरडत होते, तर या ओट्यावरून म्हणाल्या, "वरडू नको रं. जल्माला आलास तवा दोन फटके मारले तरी तोंडातून आवाज निघत न्हवता तुज्या."

मला त्या 'सूनबाई' म्हणत. मनासारखं नसलं की 'मोठ्या बाई'.

आमची मंडळी, म्हणजे गावच्या चर्चची माणसं, तीस-पस्तीस. चर्चला दगडी भिंती, वर पत्रा, खाली सतरंज्या. पाळकसाहेबांकडे नऊ गावं होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डोक्याला टॉवेल गुंडाळून मोपेडवर यायचे आणि त्या दिवशी प्रभुभोजन असायचं. धाकट्यांसाठी सांगते: प्रभू येशूने मरणापूर्वीच्या शेवटच्या जेवणात शिष्यांना भाकर मोडून दिली, मग पेला दिला, आणि सांगितलं की हा पेला म्हणजे माझ्या रक्ताने होणारा नवा करार. त्या आठवणीसाठी आपण भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतो. आमच्या गावी भाकर म्हणजे जामखेडच्या बेकरीतला पाव असायचा. द्राक्षरस म्हणजे काळ्या मनुका भिजत घालून, उकळून, पिळून गाळलेलं पाणी. आणि पेला एकच होता, पितळी, आतून कल्हई केलेला. शनिवारी आत्याबाई तो चिंच आणि राख लावून घासत. त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

हा पेला रांगेने सगळ्यांच्या तोंडाला लागत जायचा. आधी पुरुष, मग बायका. पुरुषांच्या रांगेत शेवटी बसायचे मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, ज्यांच्या मिशा गावात प्रसिद्ध होत्या. पेला तोंडाला लावला की मिशीची दोन्ही टोकं त्यात बुडत आणि पेला खाली आला की ठिबकत. त्यांच्यानंतर बायकांच्या रांगेत पहिली मी. मी डोळे घट्ट मिटून एक घोट घ्यायची. नंतर कळलं, लोक एकमेकांना सांगत, "बाई काय भक्तीनं घेत्यात, बगा."

त्यात त्या साली आसपासच्या गावांत काविळीची साथ होती. मला निमित्तच मिळालं. नाताळासाठी नगरला गेले तेव्हा मी काचेचे इवलेसे चाळीस ग्लास आणले, औषधाच्या मापाएवढे. सुताराकडून चाळीस भोकांचा लाकडी ट्रे करून घेतला. पाळकसाहेबांना दाखवला.

"शहरात बऱ्याच ठिकाणी असंच करतात आता," ते म्हणाले. "मंडळीला विचारलंत?"

"सांगितलं," मी म्हणाले.

विचारणं आणि सांगणं यांतला फरक तेव्हा मला फारसा महत्त्वाचा वाटत नसे. आयुष्यभर शाळेत मी सांगतच आले होते.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी ट्रे फिरला. लोक दोन बोटांनी जपून ग्लास उचलत होते. मिशीवाल्या काकांनी एका दमात संपवला आणि ग्लास उलटा करून आत पाहिलं. "बाई, एवढ्यात तर दात बी वले झाले न्हाईत," ते पुटपुटले. सतरंजीवर हशा पिकला. पाळकसाहेबही हसले. मला फार बरं वाटलं. मग ट्रे आत्याबाईंपुढे आला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हात न लावता कोपराने शेजारणीकडे सरकवला.

ट्रे परत आला तेव्हा त्यात एक ग्लास भरलेला होता.

हे तुम्हाला लहान वाटेल. पण आत्याबाईंनी बाप्तिस्मा झाल्यापासून एकदाही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. एकदा म्हणे त्या अडलेली बाळंतीण सोडवून तशाच, लुगडं बदलून, चार मैल चालत उपासनेला आल्या होत्या. वर्षभर त्या कशाची वाट पाहत असतील तर या बारा रविवारांची. घरी आल्यावर तुमच्या आजोबांनी विचारलं, "आत्या, घेतलं नाहीस ते?"

"तहान न्हवती," आत्याबाई म्हणाल्या आणि शेळीला पाला टाकायला गेल्या.

मला वाटलं, पेला घासायचा मान गेला म्हणून रुसल्या. म्हणून ग्लास धुवायचं काम मी त्यांनाच दिलं. त्यांनी चाळीसही ग्लास लख्ख धुतले, फडक्याने पुसले, ट्रेमध्ये लावून ठेवले. चेहऱ्यावर काहीच नाही.

त्याच महिन्यात मी मंडळीच्या मुलांचा रविवारचा वर्ग घेत होते, आणि योगायोगाने विषय होता दोन करार. मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. डावीकडे लिहिलं: नियम दगडी पाट्यांवर. उजवीकडे: नियम माणसाच्या हृदयावर, जसं जुन्या काळच्या एका संदेष्ट्याने आधीच सांगून ठेवलं होतं. डावीकडे: मंदिरात परमपवित्र जागेपुढे जाड पडदा, आत वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक जाणार. उजवीकडे: प्रभू मरण पावला तेव्हा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, आता सगळ्यांना वाट मोकळी. डावीकडे: शुद्ध काय, अशुद्ध काय, कशाला शिवायचं नाही, याची लांब यादी. उजवीकडे ती यादी नाही. मी मुलांना हेही बजावलं की जुना करार वाईट नव्हता. तोही त्याच देवाने प्रेमाने केलेला होता आणि ज्या लोकांशी केला त्यांनी तो जिवापाड सांभाळला. मुलं वहीत उतरवून घेत होती. मागे दाराशी आत्याबाई सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांचं लक्ष शेंगांकडे आहे.

फेब्रुवारी जवळ आला. मी विचार केला की, दर महिन्याला कुणाचा तरी वापरलेला ग्लास आपल्याला येईल, अशी शंका त्यांना आली असणार. सुईणीला स्वच्छतेचं कळतंच. तेव्हा यावर एकच उपाय, प्रत्येकाला कायमचा स्वतःचा ग्लास. शेजारच्या सुनेकडून लाल नेलपॉलिश मागून आणलं आणि चाळीस ग्लासांच्या बुडावर एक ते चाळीस आकडे काढले. कुणाचा कितवा, ते वहीत लिहिलं. पहिला नंबर आत्याबाईंना दिला. शनिवारी दुपारी तो त्यांना अंगणात नेऊन दाखवला.

"हा तुमचा, आत्याबाई. एक नंबर."

"माजा?"

"फक्त तुमचा. याला दुसरं कुणी तोंड लावणार नाही."

त्यांनी ग्लास घेऊन उलटा केला, लाल आकड्यावरून बोट फिरवलं. "आन् दुसऱ्याच्याला मी लावायचं न्हाई."

"बरोबर!" वर्गात मुलीने नेमकं उत्तर दिल्यावर म्हणावं तसं मी म्हणाले.

"मंग ह्यो मला ठावा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "लई वर्सांनी दिसला."

मला कळलं नाही. त्या खाली बसल्या, म्हणून मीही बसले.

"फाट्यावर हॉटेल हुतं. आता न्हाई ते. मी एवढी असताना बाप घिऊन जायचा बाजाराच्या दिशी. समदे आत बाकड्यावर. आमच्या वस्तीचा कप भाईर, छपराच्या मेढीला खिळा मारून टांगलेला. कान तुटका. बापानं त्यो काढायचा, इसळायचा, खाली ठिवायचा. हॉटेलवाला वरून चाय वतायचा, शिवू नये म्हून हात लांब करून. पिऊन झालं की आपनच धुवायचा आन् परत टांगायचा. त्याला बी दुसरं कोन तोंड लावत न्हवतं, सूनबाई. अगदी आमचाच हुता."

माझी नजर त्यांच्या हातातल्या ग्लासावर गेली.

"मंग आमचा बाप्तिस्मा झाला. त्या वक्ताला जे साहेब हुते त्यांनी ह्यो पितळंचा पेला माज्या आईच्या हातात दिला. आईनं तोंडाला लावला. मंग बापानं, मंग मी, मंग समद्या वस्तीनं. आन् शेवटी तळाला ऱ्हायलेलं त्या साहेबानं स्वता पिलं. आमचं उष्टं. पेला वर करून, थेंब न ठिवता. आई घरी यिऊन रडाया लागली. बापाला वाटलं, कुनी मेलं का काय."

त्यांनी ग्लास माझ्या हातात परत दिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तू परवा पोरांना शिकवलंस, पडदा फाटला म्हून. लई झ्याक शिकवलंस, मोठ्या बाई."

मी तो ग्लास घेऊन बराच वेळ अंगणात बसून होते. माझे आजोबा ख्रिस्ती झाले, वडील नगरला शिकले, मी इंग्रजीत शिकले. खिळ्याला टांगलेल्या कपातून मला कधी प्यावं लागलं नाही. माझ्या आजोबांना लागलं असणार, पण आमच्या घरात ते कुणी बोलत नसे. आणि फळ्यावर डावीकडे मी स्वतः लिहिलेली ती शुद्ध-अशुद्धाची यादी, तिच्यात मी चाळीस आकडे घालून ती उजव्या बाजूला नेऊन ठेवली होती. वर तिला शिस्त म्हणत होते. नियम चांगला असला तरी तो माणसा-माणसांत कसा भिंत होऊन बसतो, हे मी मुलांना शिकवत होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं." मग म्हणाले, "माझ्यापाशी डोळे काय पुसतेस? तिच्याकडे जा."

मी गेले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी म्हणाले, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "बरं." आणि ताट माझ्याकडे सरकवलं, "खडे दिसत न्हाईत मला, तू बग."

दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीचा पहिला रविवार. चाळीस ग्लास घरी राहिले. पितळी पेला पुन्हा टेबलावर आला, चकचकीत. मला वाटलं, मिटलं सगळं.

पेला मिशीवाल्या काकांपर्यंत आला. टोकं बुडाली. टोकं ठिबकली. काकांना सर्दीही झाली होती. पेला माझ्या हातात आला आणि, तुम्हाला खरं सांगते, माझ्या हाताने तो तोंडाकडे नेलाच नाही. शेजारच्या घरात तेव्हा कावीळ होती. मी मान खाली घालून पेला पुढे दिला. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं वाटलं. पाच बायका सोडून आत्याबाई बसल्या होत्या. पेला त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि न पिता पुढे दिला.

उपासना सुटल्यावर मी त्यांना बाहेर गाठलं. "आता का नाही घेतलंत, आत्याबाई? आता तर तुमचा पेला आणला ना परत!"

"तू का न्हाई घेतलंस?"

मी पदर सारखा केला.

"तू डोळं मिटून घेतीस, ते भक्तीचं न्हाई, किळस येती म्हून. मला काय कळत न्हाई? आयुष्य गेलं माजं किळस करणारी माणसं बगन्यात." त्या हसत होत्या, बरं का. रागावलेल्या नव्हत्या. "माजा हट्ट पेल्याचा न्हाई गं. मला संगं घ्यायचंय. तुज्या ग्लासात मी भाईर हुते. माज्या पेल्यात तू भाईर. मंग फरक काय झाला?"

पाळकसाहेब त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होते. पाटावर बसता बसता तुमच्या आजोबांनी त्यांच्यापुढे सगळं प्रकरण मांडलं. साहेब विचारात पडले. म्हणाले, "अवघड आहे. एक पेला हवा, आणि तोंड लागायला नको."

"कशापायी अवघड?" आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या. "घानीला मी व्हय म्हंते का? नाळ कापायच्या आदी पातं उकळा म्हून गावाला कुनी शिकवलं? आवं साहेब, शेतावर चार जन एका वाडग्यात कालवन घिऊन भाकर बुडवून खात्यात. वाडग्याला तोंड लागतं का कुनाचं?"

साहेबांचा घास हातातच राहिला. "त्या शेवटच्या रात्री प्रभू आणि शिष्यही एकाच ताटात हात घालून भाकर बुडवत होते," ते हळूच म्हणाले. "लिहिलेलं आहे तसं."

"मंग झालं की."

पण झालं नव्हतं, कारण मी शिस्तीची बाई. म्हटलं, आधी करून पाहू. मनुकांचं पाणी संपलेलं, म्हणून कोरा चहा केला आणि एका वाटीत ओतला. जेवणं झाल्यावर आम्ही चौघं त्या वाटीभोवती बसलो. पाव आणला. साहेबांनी तुकडा बुडवला, उचलला, आणि ओठांपर्यंत पोचायच्या आत अर्धा पाव वाटीत पडला.

"साहेब, काढा आता चमच्यानं," तुमचे आजोबा म्हणाले.

चपाती लोळागोळा झाली. सकाळच्या भाकरीचा पदर सुटून तरंगायला लागला. तुमच्या आजोबांनी प्रत्येक तुकडा खाऊन 'नापास' असा शेरा दिला. मी खरोखरच वहीत लिहीत होते. शेवटी आत्याबाईंनी हसून हसून डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं, परातीत मूठभर ज्वारीचं पीठ घेतलं आणि कागदासारखी पातळ भाकरी थापली. ती तव्यावर भाजून मग निखाऱ्यांवर उभी केली. कडक झाली. मोडली तेव्हा टचकन आवाज आला. बुडवली. तुकडा ओला झाला पण हातातच राहिला.

साहेबांनी तो खाल्ला आणि एकदम मांडीवर थाप मारली. "बाई, यात खमीर नाही, पीठ आंबवलेलंच नाही! जुन्या करारात मिसरच्या गुलामीतून सुटायच्या घाईत इस्राएल लोकांनी खाल्लेली भाकर अशीच होती, बिनखमिराची. आपण इतकी वर्षं पाव आणत होतो जामखेडहून."

मी वहीवरून मान वर केली. फळ्यावर मी मधोमध सरळ रेघ मारली होती, जणू डावीकडचं सगळं पुसून टाकायचं आणि उजवीकडचं ठेवायचं. आणि इथे डावीकडची भाकर उजवीकडच्या पेल्यात बुडत होती, आणि त्यानेच आमचं काम होत होतं. जुनं फेकून नवं येत नाही, जुन्यात जे हवं होतं ते नव्यात पुरं होतं. हे मी पुस्तकात कितीतरी वेळा वाचलं होतं. त्या दिवशी त्याला ज्वारीची चव आली.

आता एकच अडचण राहिली. तुकडा एका हातात धरायचा आणि बुडवताना ठिबकू नये म्हणून दुसरा हात खाली धरायचा. मग पेला कोण धरणार? साहेब म्हणाले, ते रांगेने फिरतील. आत्याबाई म्हणाल्या, "तुमी कशाला वाकत फिरता? पाठ दुखती तुमची. शेजारच्यानं शेजारच्यासाठी धरायचा." या वेळी मी मंडळीला सांगितलं नाही. विचारलं. दोन रविवार चर्चा झाली, आणि एवढा आरडाओरडा मी आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीतही ऐकला नव्हता. शेवटी आलेल्या सगळ्यांनी हो म्हटलं. फक्त मिशीवाले काका त्या दोन्ही रविवारी सर्दी-तापाने घरीच होते.

मार्चचा पहिला रविवार. शाळू निघाला होता. प्रत्येक घराने नव्या ज्वारीचं मूठ-मूठ पीठ आणून दिलं आणि आत्याबाईंनी त्याच्या भाकरी केल्या. चर्चमध्ये शिरताना आम्ही सगळे थबकलो, कारण दाराशी एक अनोळखी गृहस्थ उभे होते. जवळ गेल्यावर कळलं, ते आमचे काका. मिशी ओठाच्या वर बारीक कातरलेली.

"अहो, हे काय केलंत?" मी म्हणाले.

"माज्या मिशीपायी येवढी मंडळी अडली, असं कानावर आलं, बाई."

"पण आता आपण भाकर बुडवणार आहोत. ओठ लागायचेच नाहीत पेल्याला."

काकांनी कातरलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "मंग कालच सांगायचं न्हाई का वो! ईस वर्साची मिशी हुती."

त्यांची बायको पदरात तोंड लपवून हसत होती. ती नंतर मला म्हणाली, "राहू द्या बाई, सांगू नका त्यांना, पन लई बेस झालं."

साहेबांनी भाकर मोडली, प्रत्येकाच्या हातात तुकडा दिला, पेल्यावर प्रार्थना केली आणि पहिल्या माणसासाठी पेला धरला. मग त्याने तो हातात घेऊन पुढच्यासाठी धरला. कुणी शिकवलं नव्हतं, पण धरणारा समोरच्याला हाक मारायला लागला. "घे, दादा." "घ्या, मामा." काकांनी माझ्यासाठी धरला. सर्दी बरी झालेली होती. "घ्या, बाई." मी डोळे उघडे ठेवून घेतलं.

त्या दिवशी आत्याबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. मी पेला दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटून सावकाश चावला. एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, तो त्यांनी आपल्या पदराने टिपला. मग पेला माझ्याकडून घेतला आणि पलीकडच्या पोरीसाठी धरला. ती त्यांच्याच हातावर जन्मलेली होती.

शेवटी तळाशी चूर पडलेलं थोडं उरलं. साहेबांनी ते पेला वर करून संपवलं.

त्यानंतर आत्याबाई सात वर्षं होत्या. त्या सात वर्षांत त्यांनी एकही प्रभुभोजन चुकवलं नाही. शेवटचं वर्षभर त्या खाटेवर होत्या. तेव्हा साहेब आणि आम्ही चार-पाच जण उपासना झाल्यावर घरी जायचो, तोच पेला घेऊन, आणि तिथे सगळ्यांनी पुन्हा त्यांच्याबरोबर घ्यायचं असा त्यांचा नियम होता. एकट्याने त्या घेत नसत. चाळीस ग्लासांपैकी बरेच फुटले. राहिलेल्यांतून त्या बाळांना गुटी पाजत, आणि लाल आकडा दिसला की माझ्याकडे बघून मिश्कील हसत.

आता मी नगरला राहते आणि गावी वर्षातून एक-दोनदाच जाणं होतं. मंडळी पन्नासेक माणसांची झाली आहे. खाली फरशी आली, बाकं आली, पाळक तीनदा बदलले. प्रभुभोजनाची भाकरी आजही नव्या ज्वारीची, निखाऱ्यावर कडक भाजलेली असते. पेला एकच आहे. तो पाळक फक्त पहिल्या माणसासाठी धरतात. पुढे प्रत्येकजण शेजारच्यासाठी धरतो, आणि नात्याने हाक मारून म्हणतो, घे.